सहावी जागा

ट्रूडाने दाराला आधी खांदा लावला, मग गुडघा, आणि शेवटी एक सणसणीत शिवी हासडून लाथ घातली, तेव्हा कुठे ते उघडलं. चौकट रोज थोडी थोडी वाकत होती. हातातले रिकामे खोके तिने पॅसेजमध्ये टाकले आणि बूट काढता काढता आत पाहिलं. आखिम खिडकीकडे पाठ करून संगणकासमोर बसला होता. सकाळी ती कामावर गेली तेव्हा बसला होता, तसाच. शेजारच्या बशीत पावाच्या कडा तेवढ्या उरल्या होत्या.

"जिन्यातली पट्टी तडकली," ती म्हणाली.

"कुठली?"

"पहिल्या मजल्यावरची. परवाच लावून गेले होते."

"तडकायलाच लावतात त्या," आखिम म्हणाला. "म्हणून तर प्लास्टरच्या करतात."

या घराच्या पोटाखालून कोळसा केव्हाच काढून नेला होता आणि आता घर हळूहळू त्या पोकळीत बसत होतं. बितोमसारख्या खाणींच्या गावात याचं कुणाला फारसं नवल वाटत नाही. भिंतीला भेग पडली की तिच्यावर प्लास्टरची पट्टी चढवायची, पट्टी तडकली की भेग वाढली असं समजायचं, आणि पट्ट्या फारच तडकायला लागल्या की गाशा गुंडाळायचा. लाल विटांच्या या घरातून एकेक बिऱ्हाड करत सगळे गेले होते. राहता राहिले हे दोघं. गुरुवारी वीज आणि पाणी तोडणार होते. नव्या घराची किल्ली ट्रूडाच्या पर्समध्ये कधीची पडून होती. गावाच्या दुसऱ्या टोकाला, लिफ्टचं, सरळ भिंतींचं घर. त्यात खोट अशी एकच होती, आखिम तिथे यायचं नाव काढत नव्हता.

बरं, नाही म्हणतो म्हणावं तर तेही नाही. नाही म्हणाला असता तर ती भांडली असती, आणि भांडणात ती कुणाला हार जाणारी बाई नव्हती. शाळेच्या स्वयंपाकघरात तिच्या आवाजाने पोरं रांगेत उभी राहायची. पण आखिम म्हणायचा, "बघू." आता "बघू"शी भांडायचं तरी कसं.

तिने ओट्यावर बटाटे ओतले आणि पाठमोऱ्या नवऱ्याकडे न बघता सांगून टाकलं.

"उद्या दुपारी टेम्पो येतोय. मी जाणार आहे, आखिम. तू आलास तर सोबत. नाही आलास तर एकटी."

माऊसची टिकटिक थांबली. तिला वाटलं, आता वळेल.

"बरं," तो म्हणाला, आणि टिकटिक पुन्हा सुरू झाली.

तीस वर्षांच्या संसाराला नुसतं बरं. तिने सुरी घेतली आणि बटाट्याची साल इतकी जाड काढली की शाळेत दुसऱ्या कुणी तशी काढली असती तर तिने तिला घरी पाठवलं असतं.

आखिम पहिल्यापासून असा नव्हता. खाणीच्या बचाव पथकाचा तो नायक होता. खाली काही झालं, छत बसलं, वायू भरला, की सगळे बाहेर पळत आणि आखिमचं पथक आत जाई. गिंतर, झेफेल, अलोइझ, बेर्चिक आणि पुढे तो. पाचही जण पाठीवर श्वासाची यंत्रं बांधून. या पाचांनी ट्रूडाच्या स्वयंपाकघरात किती सूप ओरपलं असेल त्याला गणती नाही. बोलायचे मोठ्याने, हसायचे त्याहून मोठ्याने, आणि जाताना तिची भांडीही घासून जायचे.

मग रुफिनचा दिवस आला. छत बसलं होतं आणि आत रुफिन पिटलिक अडकला होता. पाचांना तो सापडला. पाय लाकडाखाली, पण जिवंत, बोलत होता, शिव्याही देत होता. आणि नेमकं तेव्हाच बेर्चिकचं यंत्र बिघडलं आणि तो तिथल्या तिथे कोसळला. त्याला उचलून न्यायचं तर सगळे हात लागणार. आखिमने ठरवलं. रुफिनला म्हणाला, "थांब, आलोच." बेर्चिक वाचला. पण बाहेर आलेल्या पथकाला लगेच परत आत सोडत नाहीत, तसा नियमच आहे. दुसरं पथक गेलं. ते पोचलं तेव्हा रुफिन गेलेला होता.

चौकशी झाली. आखिमचं काहीही चुकलं नव्हतं. तेच तर वाईट झालं. चूक निघाली असती तर शिक्षा भोगून सुटला तरी असता. त्यानंतर तो खाली गेला नाही, आणि मग हळूहळू बाहेरही जाईनासा झाला. चौघं यायचे, दार वाजवायचे. आखिम आतून ओ द्यायचा नाही, ट्रूडाला उठू द्यायचा नाही. पुढे त्यांनी येणं सोडलं. याला आता अकरा वर्षं होतील.

आणि मग उरला तो खेळ. सहा जणांची टोळी घेऊन भुयारांत उतरायचं, खालचं खाली जात राहायचं, वाटेत जे जे अंगावर येईल ते मारायचं, असा एक जुनापुराणा खेळ. तो काढणारी कंपनीसुद्धा केव्हाच बुडाली. पण जगात काही हट्टी माणसं तो अजून खेळत होती, आणि त्या हट्ट्यांना तो सोपा वाटायला लागला म्हणून आखिमसारखे महाहट्टी त्याला अवघड करत बसले होते. ते लोक याला मॉड म्हणतात. ट्रूडा त्याला ठिगळ म्हणायची. आखिमचं ठिगळ त्यांच्या इंटरनेटवरच्या कट्ट्यावर फार नावाजलेलं होतं, आणि ते एका खोलीमुळे.

ती खोली सगळ्यात तळाला होती. टोळी आत शिरली की मागे दार कोसळायचं आणि भिंतींतून शत्रू निघू लागायचे. एक मारला की दोन. ते संपायचेच नाहीत. आजवर त्या खोलीतून कुणी जिवंत बाहेर पडलेलं नव्हतं. लोकांनी निवडून निवडून बलदंड सहा जण नेले, जादूगार नेले, नाना क्लृप्त्या केल्या. फिनलंडचा एक गृहस्थ तर वर्षानुवर्षं तेवढ्या एका खोलीसाठी झुरत होता. कट्ट्यावर आखिमला शिव्यांची लाखोली वाहत, आणि मधूनच कुणीतरी काकुळतीला येऊन विचारे की बाबा रे, या खोलीला वाट तरी आहे का. त्यावर आखिमचं उत्तर ठरलेलं. आहे. बस, एवढंच.

ट्रूडाला यातलं थोडंफार कळत होतं, कारण नवशिक्याला वरचे मजले जमतात का हे तपासायला तो तिलाच बसवायचा. तिच्याइतकं वाईट खेळणारं माणूस शोधून सापडलं नसतं. खोलीपर्यंत तीही जाऊन आली होती, आणि मेली होती.

बटाटे शिजत टाकून ती त्याच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली.

"ऊठ जरा. मला खेळू दे."

"तुला?"

"गुरुवारनंतर वीज नाही. मग कधी खेळू?"

आखिमने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. दिवसभरात पहिल्यांदा. मग पाठीला हात लावून उठला.

"खालच्या पुलापाशी सोडतो तुला. सहाही चांगले दिलेत," तो म्हणाला. "जपून ने."

"माझ्या हाती कोण जगलंय."

तो गालातल्या गालात हसल्यासारखा झाला, आणि कोचावर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला.

पुलापाशी एक म्हातारी रखवालदारीण बसली होती. तिच्या कमरेला किल्ली. टोळीतला चोर पुढे होऊन म्हणाला की म्हातारीला द्यावी नदीत ढकलून आणि घ्यावी किल्ली. पडद्यावर दोन उत्तरं आली, हो म्हणा नाहीतर नाही म्हणा. ट्रूडाने वाचलं आणि तिचा पारा चढला. म्हातारीला ढकलतोस होय रे. तिने नाही म्हटलं, म्हातारीशी चार शब्द नीट बोलली, आणि म्हातारीने आपण होऊन किल्ली दिली. इकडे चोर रुसला. असल्या गुळमुळीत टोळीत आपलं काय काम, असं म्हणून चालता झाला. पडद्याच्या कडेला सहा चौकटी होत्या, त्यातली शेवटची रिकामी झाली.

"जा मेल्या," ट्रूडा म्हणाली.

कट्ट्यावरचा कुणीही शहाणा माणूस इथे थांबला असता. मागे जाऊन वेगळं उत्तर दिलं असतं, नाहीतर वरच्या सराईत जाऊन दुसरा गडी तरी आणला असता. सहा जागा मिळत असताना पाचांनी तळाला उतरायचं, हे त्या लोकांच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. एक जागा रिकामी ठेवायची म्हणजे त्यांचा जीव कासावीस व्हायचा. ट्रूडाला त्याचं काय. गॅसवर बटाटे होते, आणि मरायचं तर होतंच, मग पाच मेले काय नि सहा मेले काय. ती खाली उतरली.

खोलीत शिरली. मागे दार कोसळलं. आता येतील मेले म्हणून ती बोट माऊसवर रोखून बसली.

कुणीच आलं नाही.

खोली नुसती गप्प होती. आणि ज्या कोपऱ्यात दर वेळी कोरी भिंत असायची तिथे एक माणूस बसलेला होता, पाय लांब करून, शेजारी विझत आलेला दिवा. ट्रूडाने थोडा वेळ वाट पाहिली. मग दुसरं करण्यासारखं काही दिसेना म्हणून त्याच्याशी बोलायला गेली.

"किती जण आलात?" त्याने विचारलं.

खाली उत्तरं आली. एक होतं, आम्ही सगळ्यांना पुरून उरू. दुसरं होतं, पाच.

तिने पाच म्हटलं.

"मग माझ्यासाठी जागा आहे," तो माणूस म्हणाला. "इथे येतात ते सगळ्या जागा भरून येतात. माझ्याकडे बघत नाहीत, लढतच बसतात. बाहेरची वाट मला माहीत आहे. पण कुणी न्यायला आल्याशिवाय मला उठता येत नाही."

ट्रूडाचा हात माऊसवर तसाच राहिला.

मागे गॅसवर पाणी उतू जात होतं. याच स्वयंपाकघरात, याच गॅससमोर उभी असताना तिने आखिमला नव्या पोरांना शिकवताना ऐकलं होतं. पोरं विचारायची, पाचच का, जास्त का नाही. आखिम म्हणायचा, पाच आत जातात. सहावा येताना. ती सूप वाढत असायची आणि हे वाक्य तिच्या कानावरून इतक्यांदा गेलं होतं की त्याचा अर्थ लावायची वेळच कधी आली नव्हती. आणि इथे जगभरची माणसं एवढ्या वर्षांत आपली सहाच्या सहा जागा ठासून भरून त्या खोलीवर डोकं आपटत होती.

तिने उत्तर निवडलं. चल.

तो माणूस उठला. त्याचं छोटं चित्र कडेच्या रिकाम्या चौकटीत येऊन बसलं. चित्राखाली बारीक अक्षरांत नाव येतं हे तिला माहीत होतं, आणि कुठलं नाव येणार हेही तिला वाटलं माहीत आहे. रुफिन. तिने मन घट्ट केलं, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि वाचलं.

आखिम, असं लिहिलं होतं.

तिने पुन्हा वाचलं. मग चष्मा काढून एप्रनला पुसला, पण चष्म्याला काही झालेलं नव्हतं. पडद्यावर तो माणूस लंगडत पुढे चालला होता आणि तिचे पाच जण त्याच्या मागे. भिंतीत एक वाट उघडली, पायऱ्या आल्या, वर उजेड आला. खजिना नाही, शाबासकी नाही. एक मोकळं कुरण, त्यात सहा जण उभे. एवढंच त्याने शेवटी ठेवलं होतं.

ट्रूडाला आधी भयंकर राग आला. अकरा वर्षं याला तोंड नव्हतं का? बायको घरात असताना जगाला कोडी घालत बसला, आणि ते कोडं कुणा फिनलंडवाल्याने सोडवायचं होतं काय? मग राग कुठच्या कुठे गेला आणि तिला रडू आलं. आवाज होऊ नये म्हणून तिने एप्रन तोंडात धरला. आपण एवढी वर्षं समजत होतो की याचा जीव रुफिनपाशी अडकलाय. आणि तिथे खाली हा स्वतःच बसलेला.

"उतू जातंय," कोचावरून आखिम भिंतीशीच बोलला.

"कळतंय," ती म्हणाली आणि गॅस बंद केला.

"झाला खेळ?"

"झाला."

"मेलीस ना?"

"तुझ्या खोलीतून कोण जगतं," ट्रूडा म्हणाली. पडद्यावरचं सगळं तिने बंद केलं, फोन घेतला आणि कचरा टाकायला जाते म्हणून खाली अंगणात उतरली.

गिंतरने फोन उचलला तेव्हा मागे कबुतरं घुमत होती.

"मी ट्रूडा."

गिंतर घाबरलाच. "काय झालं? पडलं का घर?"

"अजून उभं आहे. उद्या दुपारी चौघं मोकळे आहात?"

"सामान हलवायचंय होय. अगं मग आधी नाही का सांगायचं."

"सामानाला माणसं आहेत. आखिमला हलवायचंय."

"तो दार उघडत नाही, ट्रूडा. बेर्चिक बिचारा जिन्यातून परत गेलाय, माहितेय तुला?"

"दाराचं माझ्याकडे लागलं. ते तसंही लाथेशिवाय उघडत नाही."

"बरं. माझे दोन्ही जावई आणतो. चांगले रेडे आहेत, नाहीच ऐकला तर खुर्चीसकट उचलतील."

"नको. चौघंच या. एकही जास्त नको," ट्रूडा म्हणाली. "पाचवी मी."

कबुतरं घुमत राहिली.

"पुढे कोण?" शेवटी त्याने विचारलं. आवाज वेगळाच होता, तिच्या स्वयंपाकघरातला जुना.

"पुढे मी. शेवटी तू."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टेम्पोवाल्यांनी पलंग नेला, कपाटं नेली, खोके नेले. आखिमने कशालाही हरकत घेतली नाही. संगणकही त्याने स्वतः तारा काढून दिला. पण खुर्ची सोडली नाही. रिकाम्या खोलीत, जिथे टेबल होतं त्या भिंतीकडे तोंड करून तो बसून राहिला. ट्रूडाने कोट घातला आणि एक शब्द न बोलता खाली गेली. आपल्या मागे त्याने वळून पाहिलं की नाही हे तिने बघितलं नाही. बघवलं नसतं.

चौघं फाटकापाशी उभे होते. झेफेलने टोपी हातात धरली होती. अलोइझचा गुडघा गेला होता, तो काठी घेऊन आला होता. बेर्चिकने दाढी केली होती आणि हनुवटीला कापून घेतलं होतं. म्हातारे झाले मेले, ट्रूडाच्या मनात आलं, आणि तिला त्यांच्याबद्दल इतकी माया वाटली की ती उगाचच खेकसली.

"ही काय वेळ झाली?"

"अलोइझचा पाय," झेफेल म्हणाला.

"तिसऱ्या मजल्यावर घर घ्यायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?" अलोइझ म्हणाला.

"बेर्चिक, तू मधे," ट्रूडा म्हणाली. बेर्चिक मान खाली घालून मधे आला. कुणी कुठे उभं राहायचं हे बाकीच्यांना सांगावं लागलं नाही.

जिन्यात लाकडी टेकू लावलेले होते. त्यांच्या मधून एका मागोमाग एक चढले. पहिल्या मजल्यावर तडकलेली पट्टी होती, तिथे गिंतरने जाता जाता भिंतीवर बोटाच्या पेराने दोनदा ठोकून ऐकलं. सवय. अलोइझच्या काठीचा तेवढा आवाज येत होता. दारापाशी ट्रूडाने खांदा लावला, मग गुडघा, मग लाथ.

आखिम तसाच पाठमोरा बसला होता. पण त्याची पाठ ताठ झाली होती आणि मान किंचित तिरकी. तो ऐकत होता. जिन्यातली पावलं तो खालपासून ऐकत आला असणार. ट्रूडा उंबऱ्यापाशी थांबली, तिच्या मागे ते चौघं. कुणी आत पाऊल टाकेना.

"किती जण?" आखिमने विचारलं. वळला नाही.

"पाच," ट्रूडा म्हणाली.

त्याचे खांदे हलले. ट्रूडाला वाटलं संपलं, आता हा "बघू" म्हणणार. मग खुर्ची करकरली. तो वळला. ट्रूडाकडे त्याने आधी पाहिलं, तिला काय कळलंय ते पाहत असल्यासारखं, मग एकेकाच्या तोंडाकडे. बेर्चिकपाशी येऊन नजर थांबली.

बेर्चिक जिन्यातून काहीतरी पाठ करत आला होता बहुतेक, त्याचे ओठ हलत होते. पण जे बोलला ते पाठ केलेलं नसावं.

"आलोच म्हणाला होतास तू त्याला," तो म्हणाला. "मीच आडवा पडलो होतो म्हणून. आता तुला न्यायला आलोय. उशीर झाला."

आखिमने पायाकडे पाहिलं. बूट ट्रूडाने सकाळीच खुर्चीशेजारी मांडून ठेवले होते. त्याने ते घातले, बंद बांधले, बांधलेले सोडून पुन्हा बांधले. मग खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठू लागला आणि अर्ध्यातच थांबला.

"पाय झोपलाय," तो म्हणाला, आणि हात पुढे केला.

बेर्चिकने तो धरला.

उतरताना ट्रूडा पुढे होती. तिने मागे वळून पाहिलं नाही, नुसती पावलं ऐकत उतरली. शेवटी गिंतर. त्याने सवयीने दार ओढून घेतलं, दोनदा ओढलं, खांदा लावून पाहिला. ते लागेना.

"राहू दे तसंच," ट्रूडा खालून म्हणाली. "आत कुणी नाही आता."